पोत्यात गेलेलं मत

मतदानाच्या दिवशी लुआना शिक्लुनाला जाग आली तीच मुळी हसत. खिडकीखाली बँडवाले आपापली वाद्यं फुंकून बघत होते, चर्चच्या घंटा एकमेकींवर कुरघोडी करत होत्या आणि शेताकडून उडणाऱ्या गरनाळांनी कपाटातले पेले किणकिणत होते. संत अंतोनीची जत्रा आणि युरोपच्या संसदेचं मतदान, दोन्ही एकाच शनिवारी! माल्टा बेटावरच्या हाल तर्शीन गावात असा योग कुणाच्या आठवणीत आलेला नव्हता. म्हाताऱ्यांचं म्हणणं, हे सरकारनं मुद्दाम केलं. पोरांचं म्हणणं, हे संतानं मुद्दाम केलं.

स्वयंपाकघरात तिची आजी, नान्ना जूझा, पावाच्या जाड कापांवर टोमॅटो चोळत होती. लुआनानं मागून जाऊन तिला मिठी मारली आणि एक गिरकी घेतली.

"अगं अगं, सुरी आहे हातात! पडेल एखादं बोट, मग बस नंबर लिहीत."

"नान्ना, आज मी युरोपला मत देणार!"

"दे बाई. त्यांचं भलं होवो."

"त्यांचं काय? युरोप म्हणजे आपणच."

"आपण हाल तर्शीनचे." नान्नानं पावावर तेलाची धार सोडली. "युरोपला तुझा मामा गेलाय, विमानानं. तिथं टोमॅटोला चव नाही म्हणून दर आठवड्याला फोनवर रडतो. आपणच युरोप असतो तर तो इथं बसून रडला नसता का?"

लुआनानं पावाचा मोठा घास घेतला आणि विषय तोंडातच विरघळू दिला.

खरं म्हणजे युरोप तिला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता. तो सापडला होता स्लोव्हेनियातल्या एका तळ्याकाठच्या शिबिरात, मुलींच्या खोलीत. गेल्या उन्हाळ्यात शाळेनं तिला तिकडे धाडलं होतं. पहिल्या रात्री सगळ्याजणी आपापला देश किती कंटाळवाणा आहे यावरून भांडल्या. दुसऱ्या रात्री कुणाची आजी जास्त हट्टी यावरून भांडल्या. लिथुआनियाच्या उगनेची आजी पाहुण्यानं तिसऱ्यांदा वाढून घेतलं नाही तर जेवणच सोडायची. हंगेरीच्या बोग्लार्काची आजी टीव्हीवरच्या बातमीदाराला उलट उत्तरं द्यायची. लुआना डोळे विस्फारून ऐकत राहिली. 'अरे, ही तर आमची नान्ना!' शिबिर संपताना त्या अशा रडल्या की बसचा ड्रायव्हरही रुमाल शोधू लागला.

तेव्हापासून फोनवर ती खोली रोज भरत होती. आणि सबंध खोलीत मत होतं एकट्या लुआनाला. बाकीच्यांच्या देशांत अठराव्या वर्षापर्यंत थांबावं लागे. माल्टात सोळावं पुरे. "आमच्या सगळ्यांचं मिळून दे," असं उगनेनं लिहिलं आणि तिथून जी वादावादी सुरू झाली ती काय विचारता! माल्टाच्या मतपत्रिकेवर एकाच नावापुढे फुली मारून मोकळं होता येत नाही. एक, दोन, तीन असे नंबर घालत जायचं, हवे तितके. म्हणजे सगळ्यांची सोय. बोग्लार्काला नद्यांची काळजी करणारा उमेदवार हवा होता, उगनेला शेजारच्या दांडग्या देशाला न घाबरणारा, आणि इटलीच्या मिरेल्लाला, तिनं स्पष्टच लिहिलं होतं, दाढीवाला. पहिला नंबर मात्र लुआनाचा. तो कुणाला जाणार हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

घरी तर विचारण्याचा प्रश्नच नव्हता. शिक्लुनांचं घर निळं. शेजारचं लाल, त्यापलीकडचं निळं, कोपऱ्यावरचं लाल. पक्ष हा माणसाला नाकासारखा बापाकडून मिळतो आणि मरेपर्यंत तोंडावर राहतो, असं गाव धरून चालायचं. लुआनाचे वडील इलारी निवडणुकीच्या महिन्यात घरातली माणसं मोजत नसत, मतं मोजत. "आपल्याकडे पाच," असं ते न्हाव्याकडेसुद्धा सांगून आले होते. त्या पाचात लुआना आपोआप आली.

"नान्ना, माझा दाखला दे ना. मिरवणूक निघायच्या आत मत देऊन येते."

दाखल्याशिवाय मत नाही. फोटो, नाव, नंबर असलेला तो कागद पोलीस घरोघर आणून देतो. नान्नाचा होता प्रार्थनेच्या पुस्तकात, इलारींचा खिशात. लुआनाचा पाकिटासकट फळांच्या थाळीखाली होता, कारण ती म्हणाली होती, "राहू दे तिथंच."

नान्नानं थाळी उचलली. खाली मेजाचं लाकूड होतं. नुसतं लाकूड.

"इथं पत्रकांचा ढीग होता," नान्ना म्हणाली.

"तो तर..." लुआनानं हातातला पाव खाली ठेवला. "तो तर मी काल क्लबात दिला. कागद कापायला."

आता हाल तर्शीनमध्ये कागद कापायला देणं म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला सांगायची गरज नव्हती. जत्रेच्या सकाळी बँडची मिरवणूक निघते तेव्हा गच्च्यागच्च्यांवरून कागदाच्या कपच्यांचा पाऊस पाडतात. वर्षभर गावातली जुनी वर्तमानपत्रं, वह्या, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं बँड क्लबच्या यंत्राखाली जातं आणि पोत्यांत भरलं जातं. यंदा तर निवडणुकीची पत्रकं, गुळगुळीत, रंगीत, ढिगानं. क्लबनं नियमच केला होता: जितकी लाल पत्रकं तितकीच निळी, नीट कालवून. नाहीतर संताची मिरवणूक आणि पक्षाची सभा यातला फरक कळायचा कसा?

तेवढ्यात इलारी दाढीचा फेस पुसत आत आले. त्यांना सगळं कळलं तसे ते मटकन खुर्चीत बसले.

"चार," ते म्हणाले. "आता चारच."

"पा, तुला मोजणीची पडलीय? माझं पहिलं मत आहे ते!"

"मी न्हाव्याला काय तोंड दाखवायचं?"

"ऊठ गं पोरी," नान्ना जूझानं एप्रन सोडला. "हरवलेलं शोधून देणारा संत कोण? अंतोनी. आज दिवस कुणाचा? अंतोनीचा. मी त्याच्या कानावर घालते. तू पळ."

लुआना पळाली. वाटेत तिला केझिया भेटली. बालवर्गापासूनची मैत्रीण, लाल घरातली. केझियाचे डोळे सुजलेले होते आणि तरी ती हसत होती.

"सकाळी माझ्या पा-ला सांगून टाकलं," ती धापा टाकत म्हणाली. "म्हटलं, मी माझ्या मनानं मत देणार, लाल-निळं बघणार नाही. चहात पाव बुडवला होता त्यानं. पाव विरघळून गेला तरी तसाच बसला. मग रडला. त्याचं बघून मी रडले. मग तो टाय बांधून मतदान केंद्रावर गेला. लाल पक्षाचा माणूस म्हणून आज तिथं तोच बसलाय ना! पण तू का धावतेयस?"

लुआनानं सांगितलं. केझिया किंचाळली आणि दोघी मिळून धावू लागल्या.

क्लबच्या मागच्या खोलीत यंत्रवाला चेन्सू रिकाम्या टेबलावर पाय सोडून चहा पीत बसला होता. पोती केव्हाच गच्च्यांवर गेली होती.

"चेन्सूकाका, काल मी आणलेला ढीग कापलात का हो?"

"तो तुझा होता होय?" चेन्सूनं पेला आपटला. "काय भरलं होतंस त्यात, दगड? एक जाड पाकीट पात्यात अडकलं आणि माझं यंत्र मेलं. संताची क्षमा मागून दोन शिव्या दिल्या, पाकीट ओढून काढलं आणि दिलं पोत्यात फेकून."

"अख्खं?" लुआनानं त्याचे दोन्ही हात धरले. "अख्खं होतं?"

"एक कोपरा खाल्ला पात्यानं. पण झालंय काय?"

"त्यात माझं मत आहे!"

चेन्सूनं कपाळावर हात मारून घेतला. "शेवटचं पोतं. हिरव्या दोरीचं. औषधवाल्यांच्या गच्चीवर गेलंय!"

औषधवाल्यांचं घर चौकाच्या पार पलीकडे, आणि मध्ये मिरवणूक. दोघी बाहेर आल्या तेव्हा बँड नुकताच चौकात शिरला होता आणि चौक उकळत होता. पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढलेली, पोरींच्या केसांत कागद, म्हाताऱ्या बाल्कनीतून पदर हलवावेत तसे टॉवेल हलवताहेत, ढोल छातीत वाजतोय आणि वरून पांढऱ्या-लाल-निळ्या कपच्यांचा असा मारा की समोरचा माणूस दिसू नये. या गर्दीतून चालत जाणं शक्य नव्हतं. नाचत जाणं शक्य होतं. तेव्हा लुआना नाचत निघाली.

"थांबा!" औषधवाल्यांच्या गच्चीकडे बघत ती ओरडली. "थांबा! थांबा!"

शेजारच्या पोरांना वाटलं, ही यंदाची नवी घोषणा. तेही ढोलाच्या ठेक्यावर ओरडू लागले, "थांबा! थांबा!" बघता बघता अख्खा चौक हात उंचावून "थांबा! थांबा!" गर्जू लागला, आणि एकही माणूस थांबेना.

केझियानं एका धिप्पाड झांजवाल्याच्या पाठीवर थाप मारली. "हिला उचल रे!" त्यानं कारण विचारलं नाही. जत्रेत कोण विचारतं? लुआना हातांवरून हातांवर सरकत निघाली. लाल घरातल्यांनी तिला निळ्यांकडे दिलं, निळ्यांनी लालांकडे. एक बूट कुठंतरी राहिला. औषधवाल्यांच्या दाराशी ती पोचली आणि तिनं मान वर केली, तेव्हा गच्चीवर औषधवाल्यांची बायको आनंदानं लालेलाल होऊन हिरवी दोरी सोडत होती.

"नको!" लुआना ओरडली.

पोतं उपडं झालं.

कागद आले. अर्धवट कापलेले, फाटलेले, काही उमेदवारांचे निम्मे चेहरे घेऊन आलेले. लुआनानं दोन्ही हात पसरले आणि तिच्या हाती एक मिशी आली, एका निळ्या बाईंचा चष्मा आला, मटणाच्या दुकानाची जाहिरात आली. पाकीट आलं नाही. तिच्याभोवती हजार पाय नाचत होते, आणि त्यांतल्या कुठल्यातरी पायाखाली उगने होती, बोग्लार्का होती, मिरेल्लाचा दाढीवाला होता. लुआना तिथंच गुडघ्यांवर बसली.

समोर पाद्र्यांच्या घराच्या बाल्कनीत दुन सॅवेर उभे होते. गावचे फादर, अंगानं लुकडे, आवाजानं मोठे. त्यांचं प्रवचन निम्मं बोललेलं आणि निम्मं गायलेलं असे, आणि ते ऐकायला चार गावांची माणसं येऊन उभी राहत. त्यांनी बसलेली पोरगी पाहिली, हातवारे करणारी केझिया पाहिली, बाल्कनीतून वाकून तिचं ऐकून घेतलं आणि ध्वनिक्षेपक तोंडाशी धरला. एक लांब, चढा सूर लागला. ढोलकऱ्यांचे हात आपोआप खाली आले. मिरवणूक थांबली. हाल तर्शीनमध्ये मिरवणूक पावसासाठी थांबत नाही.

"लेकरांनो," फादरांनी सुरातच सुरुवात केली, "आपल्या लुआनाचं पहिलंवहिलं मत तुमच्या पायाखाली आहे हो! संत अंतोनी हरवलेलं दाखवून देतो, पण वाकायचं ज्याचं त्यानंच! सगळ्यांनी उजवा पाय वर!"

आणि काय सांगावं! अख्खा चौक एका पायावर उभा राहिला. बँडवाले, नूगटची मिठाई विकणारे, पोलीस, सरपंचीणबाई पट्ट्यासकट, सगळे बगळ्यांसारखे एका पायावर, माना खाली घालून. कुणी तोल जाऊन शेजाऱ्याच्या गळ्यात पडलं, तो त्याच्या शेजाऱ्याच्या.

"आता डावा!"

डावाही झाला. पाकीट नव्हतं.

लोकांचे चेहरे उतरले. जत्रेत कुणाचं काही जावं, आणि तेही पोरीचं, हे कुणालाच रुचेना. फादरांनी डोळे मिटले. म्हणाले, "वाजवा रे. संताला गाणं ऐकू गेलं की त्याचं डोकं चालतं."

बँडमास्तरांनी काठी उचलली. क्लॅरिनेट वाजलं, कर्णे वाजले, ढोल वाजला. पण खालचा तो घुमणारा सूर येईना. सगळ्यांनी वळून फ्रेडूकडे पाहिलं. फ्रेडू आपल्या प्रचंड ट्यूबात, आकाशाकडे तोंड असलेल्या त्या पितळी कर्ण्यात, जीव खाऊन फुंकत होता. गाल फुगले, डोळे बाहेर आले, कान लाल झाले. आतून नुसता म्हैस उसासावी तसा आवाज.

"फ्रेडू, काय झालं?" बँडमास्तर खेकसले.

"कोंडलंय काहीतरी!"

चार जणांनी ट्यूबा उपडा केला, फ्रेडूसकट हलवला. आतून कपच्यांचा गठ्ठा पडला, चीज भरलेलं एक अर्धं खाल्लेलं पास्तित्सी पडलं ("ते माझं आहे," फ्रेडू म्हणाला) आणि त्यामागून कोपरा कुरतडलेलं एक तपकिरी पाकीट.

जो ओरडा झाला तो म्हणे शेजारच्या गावात ऐकू गेला. तिथल्या लोकांना वाटलं, निकाल लागला.

त्यानंतर लुआना शाळेतल्या मतदान केंद्रावर गेली असं म्हणणं बरोबर नाही; तिला नेण्यात आलं. पुढे बँड, मागे गाव, मध्ये एका बुटातली लुआना, आणि तिच्या दोन्ही बाजूंना केझिया आणि धापा टाकत आलेले इलारी. "पाच!" ते ओळखीच्या प्रत्येकाला पंजा दाखवत होते. शाळेच्या फाटकाशी पोलिसानं बँडला अडवलं. आत एकटीनं जायचं होतं. फोनही न्यायचा नव्हता. तो तिनं केझियाकडे दिला.

वर्गात गार आणि शांत होतं. टेबलामागे मुख्य अधिकारी बाई, त्यांच्या एका हाताला निळ्या पक्षाच्या मिसेस काल्लेया, दुसऱ्या हाताला लाल पक्षाचा वेन्झू, म्हणजे केझियाचा बाप. टाय नीट, डोळे सुजलेले.

बाईंनी दाखला उलटसुलट करून पाहिला. "कोपरा नाही याला."

"चालेल!" मिसेस काल्लेया कागद न बघताच म्हणाल्या. "फोटो आहे, नाव आहे, आणखी काय हवं?"

"तुमचं म्हणणं?" बाईंनी वेन्झूकडे पाहिलं. "तुमची हरकत असेल तर मला हा कागद वर पाठवावा लागेल. मग आज काही हिचं मत होत नाही."

लुआनाचा जीव टांगणीला लागला. वेन्झूनं तिच्या घरातली मतं बोटांवर मोजून ठेवली असणार. तिच्या वडिलांनी ती त्याच्यासमोरच कितीदा मोजली होती. एक मान हलवली की निळं एक कमी. तो कागदाकडे बघत राहिला. मग तिच्या केसांतल्या कपच्यांकडे. मग अनवाणी पायाकडे.

"ट्यूबात सापडलं?" त्यानं विचारलं.

"हो, काका."

"केझिया होती बरोबर?"

"पहिल्यापासून. तिनंच फादरांना सांगितलं."

वेन्झूनं खोल श्वास घेतला. "बाई, माझी हरकत नाही."

मिसेस काल्लेयांची भुवई इतकी वर गेली की चष्मा घसरला. "वेन्झू, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे." तो त्यांच्या कानाशी वाकला, पण कुजबुज करायची त्याला सवय नव्हती. "सकाळी माझ्या घरात जे झालं, ते इलारीच्याही घरात होऊ दे. मी एकट्यानंच का रडायचं?"

मुख्य अधिकारी बाईंना जोराचा खोकला आला. बराच वेळ तो थांबेना.

मतपत्रिका टॉवेलएवढी लांब होती. आडोशाला उभी राहून लुआनानं पेन्सिल हातात घेतली आणि तिच्या लक्षात आलं की खोलीनं भांडून भांडून ठरवलेला क्रम फोनमध्ये होता आणि फोन बाहेर. कोण चौथा, कोण सातवा, काही आठवेना. आठवत होत्या त्या मुली. तेव्हा तिनं पहिला नंबर आपल्या मनातल्या नावापुढे घातला. मग उगने कशी बोलते ते आठवून दोन. बोग्लार्काची नदी, तीन. मग प्रत्येकीच्या आजीला काय आवडलं असतं ते आठवत ती खाली खाली गेली. दाढीवाले तीन निघाले. तिघांनाही नंबर मिळाले. हसू आवरायला तिनं ओठ दाबून धरले होते. कागद पेटीत पडला तेव्हा काहीच आवाज झाला नाही, आणि तिला वाटलं होतं की होईल.

बाहेर बँड पुढच्या गल्लीत निघून गेला होता. इलारी फाटकाशी एकटेच उभे होते, हातात तिचा दुसरा बूट. त्यांनी तो खाली ठेवला, तिनं पाय घातला. दोघं चालू लागले. इलारींनी घसा खाकरला. मग पुन्हा खाकरला.

"उकडतंय ना?" ते म्हणाले.

"हो, पा."

"भूक लागली असेल."

"लागलीय."

थोडं पुढे जाऊन त्यांना राहवेना. "मी विचारत नाही हं. विचारायचं नसतं. नुसतं, नंबर किती घातलेस?"

"सगळे."

"सगळे म्हणजे... आपले सगळे?"

"मतपत्रिकेवरचे सगळे, पा. वरपासून खालपर्यंत."

इलारी रस्त्याच्या मधोमध थांबले. शिक्लुनांच्या घरात आजवर एकाही माणसानं लाल नावापुढे आकडा लिहिला नव्हता, अगदी शेवटचासुद्धा. त्यांचे ओठ हलले, बोटं हलली, ते मनात कसलातरी हिशेब करत होते आणि तो बसत नव्हता. एका घरातलं एक मत, आणि ते इतक्या ठिकाणी?

"लुआना," ते क्षीण आवाजात म्हणाले, "लाल निदान खाली होते ना गं? पार खाली?"

पण कोपऱ्यापलीकडे फ्रेडूचा ट्यूबा मोकळ्या गळ्यानं घुमायला लागला होता, आणि केझिया तिथून दोन्ही हात हलवत होती. लुआनानं बापाच्या गालाचा मुका घेतला, त्यांच्या टकलावर चिकटलेली एक कपची काढली आणि धूम ठोकली.

"निदान पहिला तरी?" इलारी मागून ओरडले. "लुआना! पहिला तरी?"

ती वळली, उलट्या पावलांनी नाचत नाचत मागे जात राहिली, आणि त्यांना इतकं गोड हसून हात हलवला की त्यांनीही, काही एक न कळता, हात हलवला.